केसकरांचा शनिवार

राजकारणातील काही माणसांच्या वाट्याला विचित्र कीर्ती येते. दहा वर्षे एखादे खाते सांभाळावे, त्यात बरेवाईट पुष्कळ करावे आणि लोकांच्या स्मरणात मात्र एकच निर्णय राहावा, तोही फसलेला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचे असेच झाले. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे ते केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी मंत्री होते. एवढा दीर्घ काळ या खात्यावर क्वचितच कोणी टिकले असेल. तथापि आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करणारा मंत्री, एवढीच त्यांची ओळख मागे उरली आहे. ही ओळख खोटी नाही. पण ज्या वर्षी त्यांनी चित्रपटगीतांना दार लावले, त्याच वर्षी त्यांनी दुसरेही एक दार उघडले होते. त्या दारातून शास्त्रोक्त संगीत अशा हजारो घरांत शिरले, जिथे त्यापूर्वी गवयाची बैठक कधी झाली नव्हती आणि होण्याचा संभवही नव्हता. एकाच माणसाच्या एकाच आग्रहातून अशी दोन भिन्न फळे यावीत, यात केसकरांचे कर्तृत्व आणि त्यांची मर्यादा या दोहोंचे मूळ आहे.

केसकरांचा जन्म १९०३ सालचा, पुण्याचा. ज्या पुण्यात त्यांचे बालपण गेले ते संगीत रंगभूमीच्या ऐन भराचे पुणे होते. भास्करबुवा बखल्यांनी तिथे गायन समाज स्थापन केला तो याच काळात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला आणि नंतर मुंबईला गांधर्व महाविद्यालय काढले होते. विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडून उस्तादांच्या चिजा गोळा करीत होते. गाणे ही सभ्य गृहस्थाने, त्याच्या मुलामुलींनी शिकावयाची विद्या आहे, ती शाळेत शिकवता येते, तिची पुस्तके लिहिता येतात, ही कल्पना त्या पिढीत महाराष्ट्रातून देशभर गेली. केसकर गवई झाले नाहीत. धृपदाची तालीम मात्र त्यांनी घेतली होती. तरी त्यांच्या मनाची घडण समजून घ्यावयाची तर या दोन विष्णूंचा वारसा आधी ध्यानात घ्यावा लागतो.

तरुणपणी ते काशीला गेले. असहकाराच्या चळवळीतून १९२१ साली जन्मलेल्या काशी विद्यापीठाशी त्यांचा संबंध जडला. लालबहादूर शास्त्री हेही त्याच विद्यापीठाचे स्नातक. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली, परतल्यावर काँग्रेसच्या कामात पडले, घटना समितीचे सभासद झाले आणि स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्याचे उपमंत्री. पुण्यात जन्मलेला हा माणूस लोकसभेवर निवडून येत असे तो उत्तर प्रदेशातील सुलतानपूर जिल्ह्यातून, म्हणजे खास अवधातून. ज्या भूमीत ठुमरी वाढली, जिथल्या कोठ्यांवर आणि नबाबी दरबारांत संगीताची एक संबंध परंपरा जगली, तिचे प्रतिनिधित्व या परंपरेविषयी मनात अढी बाळगणाऱ्या गृहस्थाकडे असावे, हा योगायोग मोठा गमतीदार म्हटला पाहिजे.

१९५२ साली त्यांच्या हाती आलेली संस्था वयाने लहान होती. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला अवघी सहा नभोवाणी केंद्रे आली होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशातील रेडिओ संचांची संख्या तीन लाखांहूनही कमी होती आणि लोकसंख्येपैकी जेमतेम अकरा टक्के लोक प्रक्षेपणाच्या टप्प्यात येत. रेडिओ ही श्रीमंताची वस्तू होती. टपाल कचेरीत दरसाल परवान्याचे पैसे भरावे लागत. पण याच सुमारास संगीताच्या दुनियेत एक मोठी उलथापालथ झाली होती. संस्थाने विलीन झाली. बडोदे, कोल्हापूर, ग्वाल्हेर, रामपूर, म्हैसूर या दरबारांनी पिढ्यान्‌पिढ्या गवई पोसले होते. तनख्यावर आलेल्या राजांना ते पूर्वीसारखे परवडण्याजोगे राहिले नाही. अल्लादियाखाँ १९४६ साली गेले, फैयाजखाँ १९५० साली. मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न गाण्याचा नव्हता, पोटाचा होता. शहरांतील संगीत मंडळे होती, श्रीमंतांच्या घरच्या बैठका होत्या, शिकवण्या होत्या. पण दरमहाची निश्चिती कोठेच नव्हती.

सरकारने या जागी उभे राहावे असे केसकरांना वाटले, आणि ते त्यांनी मनापासून केले. शेकडो गायक-वादकांना नभोवाणी केंद्रांवर नोकऱ्या मिळाल्या किंवा ठरावीक अंतराने कार्यक्रम मिळू लागले. बिदागी फार मोठी नसे, पण ती कोणाच्या लहरीवर अवलंबून नसे. महिन्या-दोन महिन्यांनी येणारा नभोवाणीचा करार हा लहान गावातील गवयाच्या संसाराचा आधार झाला. शिकवणीची फी वाढवून मागण्यासही त्याचा उपयोग होई, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. नभोवाणी कलावंत ही पाटी दारावर लावण्याजोगी पदवी त्याच काळात झाली.

आणि मग तो शनिवार. १९५२ सालीच अखिल भारतीय संगीत कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होऊन अकराच्या सुमारास संपणारा हा कार्यक्रम दिल्लीहून निघे आणि देशभरची केंद्रे तो एकाच वेळी सहक्षेपित करीत. या दीड तासाचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीचा श्रोता काय ऐकत होता ते पाहिले पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत संपे. अब्दुल करीमखाँ असोत की केसरबाई, रागाचा सारा विस्तार तेवढ्यात कोंबावा लागे. तबकडीवरून गायकाचा आवाज कळे, त्याची तान कळे, चीज पाठ होई. पण ख्याल म्हणजे काय, तो कसा हळूहळू उकलत जातो, गायक एका स्वरावर किती वेळ थांबू शकतो, हे कळत नसे. ते कळण्यासाठी बैठकीला हजर राहावे लागे, आणि बैठकीला जाण्याचे भाग्य मोठ्या शहरांतल्या मूठभरांचे. शनिवारच्या कार्यक्रमाने ही अडचण दूर केली. तालुक्याच्या गावचा शिक्षक, कचेरीतून दमून आलेला कारकून, वसतिगृहातील विद्यार्थी यांना प्रथमच एका कलावंताचे सलग गाणे, विलंबितापासून द्रुतापर्यंत, घरबसल्या ऐकावयास मिळाले. निवेदक आधी रागाचे नाव सांगे, ताल सांगे, साथीदारांची नावे सांगे. किती श्रोते केवळ या निवेदनांच्या आधारावर राग ओळखावयास शिकले असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही.

दुसरे असे की, हा कार्यक्रम एका शनिवारी हिंदुस्थानी संगीताला मिळे, तसा दुसऱ्या शनिवारी कर्नाटक संगीतालाही मिळे. अरियाकुडी रामानुज अय्यंगार किंवा सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर ही नावे महाराष्ट्रातील सामान्य रसिकाच्या कानांवर प्रथम पडली ती बहुधा याच मार्गाने. उत्तरेच्या श्रोत्याला कर्नाटक गाणे सुरुवातीस परके वाटले असेल, काहींनी त्या रात्री संच बंदही केले असतील. तरी दोन्ही पद्धतींना एकाच व्यासपीठावर बरोबरीचे स्थान देण्याचा एवढा सातत्यपूर्ण प्रयत्न आधी झाला नव्हता. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफली व्हावयाच्या आणि मग लागोपाठ कित्येक रात्री त्या देशभर ऐकवल्या जावयाच्या. वर्षातील ते दिवस शौकिनांना सणासारखे असत. त्याच वर्षी ध्वनिमुद्रणांचे जतन करणारा विभागही सुरू झाला. दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९५५ साली, वयाच्या पस्तिशीच्या आत गेले. अशा कलावंतांचे तबकडीच्या मापात न बसणारे गाणे पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले, त्यात नभोवाणीच्या फितींचा वाटा फार मोठा आहे.

वाद्यवृंदाचा प्रयोगही याच काळातला. १९५२ साली दिल्लीला वाद्यवृंद स्थापन झाला आणि रविशंकर त्याचे संचालक झाले. एकट्याने गावयाच्या-वाजवावयाच्या संगीतातून समूहाचे संगीत निर्माण करण्याचा हा खटाटोप कुतूहलाचा विषय राहिला; त्याने रसिकांच्या मनात मूळ धरले असे म्हणवत नाही.

आतापर्यंत सांगितले ते केसकरांच्या जमेचे. पण द्यावयाचे कोणाला आणि काय, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना आपल्याच हाती हवा होता, आणि येथून अडचणी सुरू होतात. कलावंतांची निवड केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीने होते, वशिले चालतात, ही तक्रार जुनी होती आणि खरीही होती. तिच्यावर उपाय म्हणून केसकरांनी चाचणीची पद्धत आणली. गायकाने गावयाचे, परीक्षकांनी त्याचे नाव न कळता ऐकावयाचे आणि श्रेणी द्यावयाची. या कामात त्यांनी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना प्रमुख स्थान दिले. रातंजनकर हे मुंबईचे, भातखंड्यांचे पट्टशिष्य, फैयाजखाँचे शागीर्द आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे अनेक वर्षांचे प्राचार्य. त्यांच्या विद्वत्तेविषयी दुमत नव्हते. पण ज्या खानदानी गवयाने वयाची चाळीस वर्षे गाण्यात घालविली, ज्याच्या बापाने आणि आजाने दरबार गाजवले, त्याला एका खोलीत बसवून रागाची परीक्षा घ्यावयाची, ही कल्पनाच त्याला अपमानाची वाटली. अनेक कलावंतांनी बहिष्कार घातला, निषेध झाले, वर्तमानपत्रांतून वाद रंगले. महाविद्यालयात शिकलेल्याला शास्त्र बोलता येते म्हणून तो वर चढतो आणि घराण्यात शिकलेला मागे पडतो, असा आक्षेप होता. तो सर्वस्वी निराधार नव्हता. रागाची व्याख्या सांगता येणे आणि राग गाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भातखंड्यांच्या विरोधकांनी पूर्वीही ऐकविले होते. तरी हेही नमूद केले पाहिजे की, ज्याच्यामागे ना घराणे होते ना ओळखीचा अधिकारी, अशा होतकरू मुलामुलींना याच चाचणीने दार मोकळे केले. श्रेणींची ही पद्धत केसकर गेल्यानंतरही दीर्घकाळ टिकली ती उगीच नव्हे.

चाचणीपेक्षा आक्षेपार्ह होती ती तिच्यामागची दृष्टी. उत्तर हिंदुस्थानी संगीताचा ऱ्हास झाला, तो मुसलमान दरबारांमुळे आणि उस्तादांमुळे, ते संगीत कोठ्यांवर गेल्यामुळे, असे केसकरांचे मत होते आणि ते त्यांनी लपविले नाही. इतिहास या मताला साक्ष देत नाही. ज्या काळाला ते ऱ्हासाचा काळ म्हणत, त्याच काळात ख्याल घडला, आणि तो ज्यांनी घडविला, जपला आणि शिकविला त्यांत बहुसंख्य ही उस्ताद मंडळीच होती. महाराष्ट्राला तर हे विशेषेकरून ठाऊक असावयास हवे होते. अल्लादियाखाँ, अब्दुल करीमखाँ, नत्थनखाँ, रहिमतखाँ ही नावे वगळली तर मराठी माणसाच्या गाण्यात काय उरते? भास्करबुवा नत्थनखाँचे शिष्य, सवाई गंधर्व अब्दुल करीमखाँचे, रातंजनकर स्वतः फैयाजखाँचे. दोन्ही विष्णूंनी गाणे शाळेत नेले हे मोठेच कार्य. पण शाळेत न्यावयास जे गाणे त्यांना मिळाले ते कोणी सांभाळून ठेवले होते, हा प्रश्न केसकरांनी स्वतःला पुरतेपणी विचारलेला दिसत नाही. व्यवहारात आकाशवाणीने मोठमोठ्या उस्तादांना मानाने गाऊ दिले, आणि मंत्र्यांच्या सिद्धांतापेक्षा केंद्रांवरचा व्यवहार अधिक शहाणा निघाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाजू.

स्त्रियांच्या बाबतीत तेवढेही समाधान नाही. खासगी आयुष्य लोकापवादास पात्र असेल अशा कलावंतांना कार्यक्रम देऊ नयेत, हे धोरण केसकरांच्या आधीचे, सरदार पटेल या खात्याचे मंत्री असतानाचे. नियम शब्दांत सर्वांना सारखा होता. त्याचा फटका बसला तो गाणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांना. नभोवाणीच्या आरंभकाळात तिचे कार्यक्रम ज्यांनी मोठ्या प्रमाणावर चालविले होते, तबकड्यांच्या धंद्याला ज्यांच्या आवाजाने उभे केले होते, त्याच बायांना आता चारित्र्याचा दाखला आवश्यक झाला. केसकरांच्या काळात हे वातावरण निवळले नाही, उलट त्याला तात्त्विक बैठक मिळाली. आवाज ऐकताना नाव कळू नये म्हणून पडदा घालणाऱ्या संस्थेने, गाणारीचे कूळ मात्र पडद्याआड राहू दिले नाही.

पेटीची कथा थोडी निराळी आहे. हार्मोनियमवर बंदी घातली गेली ती १९४० साली, लायोनेल फिल्डेन या इंग्रज नियंत्रकाच्या काळात, आणि तिला रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचा पाठिंबा होता. पेटीचे स्वर जागच्या जागी खिळलेले असतात, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या चुकीचा नव्हे. केसकरांनी बंदी पुढे चालू ठेवली. महाराष्ट्रात ज्या वाद्याच्या साथीवर दोन पिढ्यांचे नाट्यसंगीत उभे राहिले, खेड्यातल्या भजनापासून शहरातल्या मैफलीपर्यंत ज्याच्यावाचून चालत नसे, ते वाद्य सरकारी नभोवाणीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. गोविंदराव टेंबे १९५५ साली वारले. आयुष्याच्या अखेरच्या पंधरा वर्षांत त्यांचे वाद्य आकाशवाणीला वर्ज्य होते. १९७० नंतर बंदी हळूहळू सैल झाली, आणि तीस वर्षांच्या पेटीवाचूनच्या काळात सारंगीला पुन्हा पूर्वीचे दिवस आले असे काही झाले नाही.

आता चित्रपटगीतांकडे वळावयाचे. येथे एक तपशील बहुधा विसरला जातो. केसकरांनी एके दिवशी फर्मान काढून गाणी बंद केली, असे घडले नाही. त्यांनी चित्रपटगीतांचा वाटा एकदशांशावर आणला, गाणी निवडून घेण्याचे ठरविले आणि निवेदनात चित्रपटाचे नाव घ्यावयाचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असा नियम केला. यावर निर्माते संतापले व त्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत नाहीसे झाले. मंत्र्यांना याचे दुःख झाल्याचे कोठे दिसत नाही. संगीताच्या एकूण वेळेपैकी निम्म्याच्या आसपास वेळ आता शास्त्रोक्त संगीताला मिळू लागला.

पण नभोलहरींना सरहद्द नसते. महायुद्धात दोस्त फौजांसाठी सिलोनमध्ये शक्तिमान लघुलहरी प्रक्षेपक उभारले गेले होते. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनकडे आले. ३ डिसेंबर १९५२ पासून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम मुद्रित करावयाचे, फिती विमानाने कोलंबोला जावयाच्या आणि बुधवारी रात्री आठ वाजता तोच आवाज समुद्रापलीकडून भारतातल्या गल्ल्यागल्ल्यांत ऐकू यावयाचा. झुमरी तलैयासारखे बिहारातील आडवळणाचे गाव श्रोत्यांच्या पत्रांमुळे देशाला पाठ झाले. आकाशवाणीने जे टाकले ते कोलंबोने उचलले, आणि त्यावर टूथपेस्ट विकली.

याहून बोचरी गोष्ट वेगळीच आहे. ज्या वर्षी केसकरांनी चित्रपटसंगीत हीन ठरविले, त्याच १९५२ च्या वर्षी बैजू बावरा प्रदर्शित झाला. नौशाद यांच्या त्या चित्रपटात अमीरखाँ आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर या दोघा श्रेष्ठ गायकांची जुगलबंदी होती आणि बहुतेक सगळी गाणी रागांवर बांधलेली होती. ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती अशा लक्षावधी लोकांच्या ओठी ते राग बसले. पाश्चात्य चालींची उचलेगिरी चित्रपटांत चालत नव्हती असे नाही. ती चालत होती आणि तिच्याविषयीची केसकरांची चीड अनेक संगीतज्ञांना मान्य होती. पण चांगल्या-वाईटाची निवड करणे एक आणि संबंध क्षेत्रच त्याज्य मानणे दुसरे. पलुसकर शनिवारी रात्री आकाशवाणीवर गाऊ शकत. त्यांचेच चित्रपटातील गाणे ऐकावयाचे झाल्यास श्रोत्याला सुई कोलंबोवर फिरवावी लागे.

चित्रपटगीतांच्या जागी दुसरे काही द्यावयास हवे, हे केसकरांच्या ध्यानात होते. त्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले, कवींकडून गीते लिहवून घेतली गेली, संगीतकार नेमले गेले. लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून बोलावण्याची प्रथाही याच राजवटीतली; मराठीत पु. ल. देशपांडे, बा. भ. बोरकर अशी माणसे आकाशवाणीत आली ती या सुमारास. हिंदी मुलखात या सुगम संगीताचे फारसे काही झाले नाही. मराठीत मात्र भावगीताची जमीन आधीच तयार होती, आणि पुणे केंद्र, जे १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले होते, तेथे एक चमत्कार झाला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते महाराष्ट्राने ऐकली. लोक संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. सरकारी नभोवाणीने जनतेच्या अभिरुचीला वळण लावावे, हे केसकरांचे स्वप्न भारतात कोठे पूर्ण झाले असेल तर ते येथे. फक्त ते ज्यांनी पूर्ण केले ते ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतले होते, चित्रपटांची गाणी लिहून आणि चाली बांधून तयार झालेले होते. शब्द गायकाच्या तोंडी स्वच्छ यावा, चाल चार ओळींत मनात भरावी, ही हातोटी त्यांना कोणत्याही संगीत महाविद्यालयाने दिली नव्हती.

माघार १९५७ साली घेतली गेली. श्रोते कोलंबोकडे जात आहेत हे नाकारण्यात अर्थ उरला नव्हता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि चित्रपटगीते पाच वर्षांनी सन्मानाने परत आली. तिची सूत्रे कवी नरेंद्र शर्मा यांच्याकडे होती. प्रारंभी वाजलेले गीत चित्रपटातले नव्हते, खास रचून घेतले होते. शब्द शर्मांचे, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डे यांचा. तिघेही चित्रपटांसाठी काम करणारे. मंत्री केसकरच होते. आपला निर्णय चुकला असे त्यांनी जाहीरपणे मानले नाही, पण तो बदलू दिला, आणि सत्तेवरच्या माणसाच्या बाबतीत तेवढेही पुष्कळच. पुढे याच विविध भारतीच्या सकाळच्या कार्यक्रमांत संगीत सरिता आली. रागाचे स्वर सांगावयाचे आणि उदाहरणादाखल त्या रागावरचे चित्रपटगीत ऐकवावयाचे, अशी तिची रीत. १९५२ सालीच कोणी मंत्र्यांना ही युक्ती सुचविली असती तर त्यांनी ती ऐकून घेतली असती की नाही, सांगता येत नाही.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर पराभूत झाले आणि मंत्रिपद गेले. त्यांच्यानंतर आलेल्यांनी चित्रपटगीतांना अधिक मोकळीक दिली; १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या, म्हणजे कोलंबोचा धडा पुरता गिरवला गेला. शनिवारच्या कार्यक्रमाला मात्र कोणी हात लावला नाही. तो कोणाला बंद करावासा वाटला नाही, कारण त्याने कोणाचे काही हिरावून घेतले नव्हते. ऐकणारे थोडे होते, पण ते आपणहून ऐकत होते, आणि त्यांची संख्या सावकाश का होईना वाढत होती. पुण्यात १९५३ पासून भीमसेन जोशींनी भरविलेला सवाई गंधर्व महोत्सव वर्षागणिक फुलत गेला. त्या मांडवात रात्रभर बसणाऱ्यांत आकाशवाणीने कान तयार केलेले शिक्षक आणि कारकून किती होते, हे त्या काळच्या कोणाही पुणेकराने सहज सांगितले असते.

सत्ता गेल्यावर केसकर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. तेथे त्यांच्या संपादकत्वाखाली राष्ट्रीय चरित्रमाला निघाली. सामान्य वाचकाला परवडावी अशी, लहान आकाराची, साध्या भाषेतली ही पुस्तके होती. या मालेत १९६७ साली भातखंड्यांचे चरित्र आले, रातंजनकरांनी लिहिलेले. त्याच वर्षी विष्णु दिगंबरांचेही आले. भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचे केसकरांचे स्वतःचे इंग्रजी पुस्तकही १९६७ चेच. चरित्रमालेची ती पुस्तके वाचण्याची किंवा न वाचण्याची मुभा प्रत्येकाला होती. शाळांच्या ग्रंथालयांत ती पोहोचली, अनेक ठिकाणी झिजेपर्यंत वाचली गेली. केसकर १९८४ साली वारले.